अग्रशाळेची किल्ली

एरिक क्लायननबर्ग ह्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञांचा 'हीट वेव्ह' हा ग्रंथ शिकागो विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २००२ साली प्रसिद्ध केला. आमच्या हाती तो पुष्कळ उशिरा पडला, आणि तोही एका दाव्याच्या निमित्ताने संदर्भ चाळीत असता, योगायोगाने. ग्रंथ एका परदेशी शहराविषयी आहे, त्यातील घटना १९९५ सालची आहे आणि त्याचा विषय उन्हाळा हा आहे. पावसाने आणि पुराने धास्तावलेल्या आमच्या कोकणपट्टीतील वाचकांस त्याचे काय, असा प्रश्न सहजच कोणी करील. परंतु २०२३ सालच्या मार्च महिन्यात उष्णतेच्या लाटेच्या इशाऱ्यामुळे गोव्यातील शाळा दुपारपूर्वीच सोडाव्या लागल्या, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याआधी दोन वर्षे, २०२१ च्या जुलैत, सत्तरी-डिचोलीकडील नदीकाठची घरे पाण्यात बुडाली, तेही आपण विसरलेलो नाही. ऋतुमान पालटत आहे हे पंडितांनी सांगावयास नको, आपल्या अंगणातच ते दिसू लागले आहे. अशा संकटाच्या रात्री माणसाने जावे कोठे, आणि जेथे जावयाचे तेथील दार उघडे असेल काय, हा खरा प्रश्न आहे. ह्याच प्रश्नाच्या अनुरोधाने आम्ही ह्या ग्रंथाचे परीक्षण करणार आहोत. ते करिताना आमच्या देवस्थानांच्या अग्रशाळांविषयीही काही बोलावे लागेल. कडू वाटले तरी वाचकांनी ते ऐकून घ्यावे, अशी विनंती आहे.

प्रथम घटना. १९९५ सालच्या जुलै महिन्याच्या मध्यास शिकागो शहरावर उष्णतेची मोठी लाट आली. १३ जुलै रोजी पारा ४१ अंश सेल्सिअसच्या घरात गेला. आमच्या ग्वाल्हेरच्या वाचकांस हा आकडा ऐकून हसू येईल. पण तेथे हवेतील दमटपणा विलक्षण होता, रात्रीही उकाडा उतरत नव्हता, विटांची जुनी घरे भट्टीसारखी तापली होती आणि ठिकठिकाणी वीज गेली होती. त्या एका आठवड्यात नेहमीच्या मानाने ७३९ माणसे अधिक मृत्यू पावली. त्यांत वृद्धांचा भरणा मोठा होता. शवागारात जागा पुरेना, म्हणून शीतपेट्यांच्या मालमोटारी आणून अंगणात उभ्या कराव्या लागल्या. सुमारे ४० प्रेते अशी निघाली की ती न्यावयास कोणीच आले नाही. शहराच्या महापौरांनी आरंभी मृतांच्या आकड्यांविषयीच शंका घेतली. शवचिकित्सा करणारे प्रमुख अधिकारी मात्र आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले, आणि शेवटी त्यांचेच म्हणणे खरे ठरले. उष्णतेच्या आपत्तीत काय करावयाचे ह्याची लेखी योजना शहराच्या दप्तरी होती. ती वेळेवर दप्तराबाहेर आली नाही, एवढेच.

ग्रंथकाराने ह्या मृत्यूंचे 'सामाजिक शवविच्छेदन' आरंभिले आहे. वैद्य सांगतो की हृदय बंद पडले, शरीरातील पाणी आटले. त्यापुढचा प्रश्न ग्रंथकार विचारतो: त्या माणसाने खिडकी का उघडली नाही? शेजारच्या दुकानात जाऊन घटकाभर थंड हवेत का बसला नाही? त्याची विचारपूस करावयास कोणी का आले नाही? एकट्याने राहणाऱ्या वृद्धांची स्थिती, वस्त्यावस्त्यांतील भेद, नगरपालिकेची यंत्रणा, आपत्ती झाकण्याची अधिकाऱ्यांची धडपड आणि वृत्तपत्रांचे वर्तन, अशा पाच अंगांनी त्यांनी हे उत्तर शोधले आहे. विवेचनाची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. लेखकाचा राग शब्दांत कोठेही फुटत नाही. तो मांडणीतून जाणवतो.

ग्रंथाचा गाभा दुसऱ्या भागात आहे. उत्तर लॉनडेल आणि दक्षिण लॉनडेल ह्या शिकागोतील दोन वस्त्या एकमेकींस लागून आहेत. दोन्ही गरीब, दोन्हींत एकट्याने राहणारे वृद्ध पुष्कळ, आणि ऊन तर दोन्हींवर सारखेच. तरीही पहिलीतील मृत्यूचे प्रमाण दुसरीच्या सुमारे दहापट होते. असे का व्हावे? ग्रंथकाराचे उत्तर थोडक्यात असे: उत्तरेकडील वस्ती कारखाने गेल्यामुळे ओसाड झाली होती. दुकाने बंद, पदपथ निर्मनुष्य, मोकळ्या भूखंडांवर रान माजलेले, आणि संध्याकाळी बाहेर पडण्याची म्हाताऱ्यांस भीती. दक्षिणेकडील वस्तीत बाजार गजबजलेला होता, रस्त्यावर माणसे होती, चर्चमध्ये लोकांचा राबता होता. तेथील वृद्ध स्त्री रोज बाहेर पडत होती म्हणून त्या दिवशीही बाहेर पडली, आणि बाहेर पडली म्हणून वाचली. उत्तरेकडील वृद्ध रोज दाराला कडी लावून बसत होता, त्या दिवशीही तसाच बसला, आणि गेला. माणूस संकटात नवीन काही करीत नाही. रोज जे करतो तेच संकटाच्या दिवशीही करतो. आमच्या मते ह्या ग्रंथाचा मथितार्थ हाच होय.

आता दोष. आम्ही व्यवसायाने वकील असल्यामुळे पुराव्याकडे आमचे लक्ष आधी जाते. २००६ साली मिचेल ड्युनियर ह्या दुसऱ्या समाजशास्त्रज्ञांनी ह्याच मर्मावर बोट ठेविले. एका वस्तीत इतके मृत्यू आणि दुसरीत तितके, ह्या सरासरीवरून अमुक एक व्यक्ती एकाकीपणामुळेच मेली असे म्हणता येत नाही. त्यासाठी मृतांपैकी प्रत्येकाच्या प्रत्यक्ष परिस्थितीची चौकशी हवी, असा त्यांचा आक्षेप होता. क्लायननबर्ग यांनी त्यास कडक उत्तर दिले. हा वाद वाचताना आमचे मत ड्युनियर यांच्याकडे झुकते. न्यायासनापुढे कोणी 'ह्या आळीत चोऱ्या फार होतात, सबब आरोपीने चोरी केली' असा युक्तिवाद करील तर न्यायाधीश त्यास खाली बसावयास सांगतील. तथापि आक्षेप मान्य केला तरी ग्रंथ कोसळत नाही. त्याच वर्षी इतर अभ्यासकांनी शिकागोच्या अनेक वस्त्यांची संख्याशास्त्रीय पाहणी प्रसिद्ध केली. जेथे बाजारपेठेस अवकळा आली होती तेथे त्या लाटेतील मृत्यूचे प्रमाण अधिक होते, असे तीत दिसून आले. म्हणजे एकेका मृत्यूचे कारण म्हणून ग्रंथकाराचा सिद्धांत अपुरा ठरतो, पण वस्तीची प्रकृती ओळखण्याचे लक्षण म्हणून तो टिकतो.

दुसरा दोष आम्हांस अधिक मोठा वाटतो, आणि त्याचा उल्लेख कोठे झालेला आमच्या पाहण्यात नाही. बाजार, चर्च, ग्रंथालय, समाजगृह ह्या जागा माणसांस एकत्र आणतात, हे ग्रंथकार उत्तम सांगतात. २०१८ साली त्यांनी ह्याच विचारावर दुसरा ग्रंथ लिहिला आणि ग्रंथालये, क्रीडांगणे, उद्याने ह्यांस समाजाच्या रस्ते-पुलांइतकेच महत्त्व दिले. परंतु ह्या जागांचा मालक कोण, विश्वस्त कोण, कोणत्या घटकेस दार उघडावयाचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, आणि उघडल्यावर आत कोणास घ्यावयाचे, ह्या प्रश्नांकडे ते फारसे वळत नाहीत. सार्वजनिक ग्रंथालयाच्या बाबतीत हे प्रश्न कदाचित सोपे असतील. देवालयाच्या बाबतीत ते सोपे नाहीत.

शिकागो शहर मात्र शिकले. १९९९ साली पुन्हा उष्णतेची लाट आली तेव्हा थंड हवेच्या जागा वेळीच उघडण्यात आल्या, तेथे नेण्यासाठी बसगाड्या फिरल्या, एकट्या राहणाऱ्या वृद्धांस दूरध्वनी करून आणि घरी जाऊन विचारण्यात आले. त्या खेपेस सुमारे ११० माणसे दगावली. तीही थोडी नव्हेत, पण चार वर्षांपूर्वीच्या मानाने फरक उघड आहे. पुढे बाल्टिमोरसारख्या शहरांनी आणखी एक पाऊल टाकले. वस्तीतील लोकांस आधीच ओळखीचे असलेले समाजगृह किंवा प्रार्थनामंदिर निवडावयाचे, तेथे सौर वीज, पाणी, औषधे ह्यांची सोय करून ठेवावयाची, आणि एरवी तीच जागा शिकवण्या, आरोग्य-तपासणी, बैठका ह्यांसाठी चालू ठेवावयाची. तिकडे त्यास 'रेझिलियन्स हब' म्हणतात. हा शब्द आमच्या जिभेवर बसत नाही. आम्ही 'आधारघर' म्हणू. त्यांतील सौर पेट्यांपेक्षा 'आधीच ओळखीचे असलेले' हे शब्द अधिक मोलाचे आहेत.

आपल्या देशातही ह्याचे एक ठळक उदाहरण आहे आणि ते शिकागोहून आमच्या अधिक जवळचे आहे. २९ ऑक्टोबर १९९९ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले आणि सुमारे १०,००० माणसे मेली. तेव्हा रेड क्रॉसने बांधलेली चक्रीवादळ-आश्रयगृहे हाताच्या बोटांवर नव्हे तरी फारच थोडी होती. ज्या गावांत ती होती तेथील हजारो लोक त्यांत शिरून वाचले. त्यानंतर राज्याने आपत्ती-व्यवस्थापनाचे स्वतंत्र प्राधिकरण स्थापिले आणि किनाऱ्यालगत खांबांवर उभारलेली आठशेहून अधिक आश्रयगृहे बांधिली. २०१३ च्या ऑक्टोबरात 'फायलिन' आले तेव्हा सुमारे १० लाख लोक हलविण्यात आले. २०१९ च्या मे महिन्यात 'फनी' जगन्नाथपुरीजवळ किनाऱ्यास लागले तेव्हा १२ लाखांच्या आसपास. ज्या तोडीच्या वादळांत पूर्वी हजारो मेले असते त्यांत मृतांची संख्या दहांच्या पटीत राहिली. यशाचे श्रेय हवामानखात्याच्या अचूक इशाऱ्यांस आहे, दूरध्वनीस आहे, शासनाच्या कठोरपणासही आहे. पण त्या आश्रयगृहांविषयी दोन गोष्टी विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. त्यांतील पुष्कळ इमारतींत एरवी शाळा भरते; म्हणून मुलासही तो जिना ठाऊक असतो. आणि त्यांची देखभाल गावातीलच लोकांच्या समितीकडे असते. गावची तरुण मंडळी शिकवून तयार केलेली असतात. वादळाच्या रात्री जिल्ह्याच्या ठिकाणाहून किल्ली येण्याची वाट पाहावी लागत नाही.

ह्याच्या उलट कागदावरची व्यवस्था कशी असते तेही पाहू. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबाद शहरात उष्णतेमुळे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यावरून धडा घेऊन २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याची योजना तयार केली. अशी योजना आपल्या देशात प्रथमच झाली, आणि ती अनेक शहरांनी उचलली. तिचे मोल आम्ही कमी करू इच्छीत नाही. त्या योजनेत दुपारच्या उन्हात लोकांस टेकावयाच्या थंड जागा म्हणून इतर सार्वजनिक जागांबरोबर धर्मस्थळांचाही उल्लेख आहे. आमच्या बडोद्याच्या वाचकांनी २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचा पूर अनुभवला आहे. त्यांनी आपल्या परिसरातील मंदिर भर दुपारी उघडे असते काय, हे एकदा स्वतः पाहून यावे. देवाच्या विश्रांतीची वेळ आणि उन्हाची वेळ एकच असते. यादीत नाव असणे निराळे आणि दार उघडे असणे निराळे.

आता आम्ही स्वतःच्या घराकडे येतो. इंदूर-हैदराबादच्या वाचकांसाठी सांगावयास हवे की गोमंतकातील मोठ्या देवालयांच्या आवारात यात्रेकरूंस उतरण्यासाठी खोल्यांची जी इमारत असते तिला अग्रशाळा म्हणतात. तिकडची धर्मशाळाच ती, पण बहुधा त्या देवस्थानाच्या महाजनांची म्हणून ओळखली जाणारी. आवारात तळी असते, विहीर असते, जत्रेच्या समाराधनेची मोठमोठी भांडी असतात, सभामंडपात दोन-तीनशे माणसे पाठ टेकतील एवढी जागा असते. देवालय बहुधा उंचवट्यावर असते आणि त्याची वाट अंधारातही गावातील प्रत्येकास ठाऊक असते. जत्रेच्या दिवशी हीच मंडळी कोणत्याही सरकारी हुकुमावाचून हजार-दोन हजार पाने वाढतात, गर्दी आवरतात, हरवलेली मुले आईबापांकडे पोचवितात. आधारघरासाठी परदेशात जे जे नव्याने जमवावे लागते ते आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तयार आहे. मग उणे काय आहे?

उणे काय आहे ते आम्ही २०२१ च्या जुलैत शिकलो, आणि ते सांगताना आम्हांस मान खाली घालावी लागते. एका नदीकाठच्या देवस्थानाच्या समितीचे चिटणीसपद तेव्हा आमच्याकडे होते. अग्रशाळेची किल्ली आमच्या शहरातील घरी असे. पहाटे तीनच्या सुमारास गावाकडून दूरध्वनी आला. खालच्या वाड्यात पाणी शिरले होते. बोलणारा गृहस्थ पालखीपुढे दिवटी धरणाऱ्या घराण्यातला, आम्हांहून वयाने बराच मोठा. तो एवढेच म्हणाला, "वकीलबाब, अग्रशाळेची चावी खंय आसा?" आणि आम्ही उत्तर दिले, "अध्यक्षांक विचारतां आनी सांगतां." अध्यक्षांचा दूरध्वनी लागेना. आम्ही अंधारात बसून विचार करू लागलो. अग्रशाळेतील खोल्या पावती फाडून महाजनांसच द्याव्यात असा जुना ठराव होता. हा वाडा महाजनांचा नव्हता. उद्या सभेत कोणी हिशेब विचारला तर? तासाभराने आम्ही 'कुलूप तोडा' असे सांगण्यासाठी दूरध्वनी केला, तेव्हा त्याची गरज उरली नव्हती. मुलाबाळांसह ती माणसे नगारखान्याखाली पावसात उभी असलेली पाहून भटजींनी आपले घर उघडले होते. कोणास इजा झाली नाही. त्यानंतरच्या जत्रेत त्या गृहस्थाने नेहमीप्रमाणे दिवटी धरली, आम्हांस नेहमीप्रमाणे नमस्कार केला आणि त्या रात्रीविषयी आजतागायत एक शब्द काढिला नाही. त्याने चार शब्द सुनावले असते तर आम्हांस बरे वाटले असते.

शिकागोच्या महापौरांविषयीचे प्रकरण आम्ही ह्या अनुभवानंतर वाचले. त्यांच्या दप्तरी योजना होती, आमच्या दप्तरी ठराव होता. ग्रंथावर निवाडा देण्याचा आमचा उत्साह त्या पानावर पुष्कळसा ओसरला, हे येथे नमूद केले पाहिजे.

कायदा काय म्हणतो, हे ह्या प्रसंगी सांगणे आमचे कर्तव्यच आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन अधिनियमाच्या ६५ व्या कलमानुसार बचावकार्यासाठी लागणारी कोणतीही जागा जिल्हा प्राधिकरणास ताब्यात घेता येते. ६६ व्या कलमात मोबदल्याची तरतूद आहे. म्हणजे अग्रशाळा संकटकाळी आपलीच आहे असे म्हणण्यास महाजनांस जागा नाही. त्याच अधिनियमाचे ६१ वे कलम सांगते की आपद्‌ग्रस्तांस मदत देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म ह्यांवरून भेद करता येणार नाही. हे कलम निव्वळ शोभेचे आहे असे कोणी समजू नये. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावरील मदत-छावण्यांत दलितांस वेगळे ठेविल्याच्या तक्रारी मानवी हक्कांच्या संघटनांनी नोंदविल्या होत्या. पाण्याने सर्वांस सारखे बुडविले तरी कोरड्या जागेवर माणसे पुन्हा पंगती मांडतात. आमची देवस्थाने मुख्यतः १९३३ सालच्या, पोर्तुगीज राजवटीतील देवस्थान नियमनाखाली आजही चालतात. त्यात महाजनांचे हक्क तपशिलाने सांगितले आहेत. पण हक्क कशासाठी असतात? विश्वस्ताचा अधिकार हा मुळात विश्वासाचा बोजा आहे, आणि तो बोजा सोयीच्या दिवशी उचलून अडचणीच्या दिवशी खाली ठेवता येत नाही.

येथे काही वडीलधारी मंडळी सोवळ्याओवळ्याचा प्रश्न काढतील. तो त्यांच्या श्रद्धेचा प्रश्न आहे आणि आम्ही त्याची थट्टा करणार नाही. पण गर्भगृह निराळे, अग्रशाळा निराळी. अग्रशाळा मुळातच माणसांसाठी बांधलेली आहे. दागिन्यांची, दानपेटीची काळजी असेल तर त्यांस स्वतंत्र कुलूप आहे; खोल्यांस कुलूप लावून दागिने सुरक्षित होत नाहीत. एकदा आलेले लोक जाणार नाहीत, अशी भीती काहीजण बोलून दाखवितात. पूर ओसरला की माणूस आधी आपल्या घराकडे धावतो, चिखल उपसायला. आणि सर्वांत मोठे उत्तर आमच्या इतिहासातच आहे. सोळाव्या शतकात देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा कुशस्थळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळला आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. अंत्रुज महाल तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर होता, आणि तेथील लोकांनी त्यांस जागा दिली. आज ज्यांच्या सुवर्णकलशांपुढे आपण हात जोडतो ती दैवते एके काळी रातोरात घर सोडून आलेली, आश्रय मागणारी होती. त्या रात्री अंत्रुजातील कोणी 'अध्यक्षांस विचारून सांगतो' असे म्हटले असते तर आमचे महाजनपण आज कोठे असते?

तेव्हा ग्रंथाने दिलेला धडा आमच्या भूमीवर असा लागू होतो. आणीबाणीसाठी निराळी इमारत बांधण्याची आम्हांस गरज नाही. गरज आहे ती जी इमारत आहे ती रोजच्या व्यवहारात आणण्याची. अग्रशाळेची एक तरी खोली नित्य उघडी असावी. सकाळी वाचनालय म्हणून, दुपारी उन्हातान्हात येणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांस टेकावयास, संध्याकाळी मुलांच्या अभ्यासास. वाड्यावाड्यांत एकटे कोण राहते ह्याची यादी समितीपाशी असावी. आज ज्यांची मुले मुंबईस, बंगळूरास वा परदेशी आहेत अशा कितीतरी घरांत एकच म्हातारे माणूस दिवा लावते. एकत्र कुटुंबाच्या आठवणीवर विसंबून हे वास्तव झाकता येणार नाही. विहिरीचे पाणी, वीज गेल्यावर चालणारे दिवे, दोन दिवसांचा शिधा आणि साधी औषधे ह्यांची पाहणी दरसाल मृगापूर्वी व्हावी. खर्च म्हणाल तर जत्रेच्या आतषबाजीहून अधिक नाही. आणि हे सर्व करताना खालच्या वाड्यातील माणसे समितीबरोबर बसलेली असावीत. ज्याच्या घरात पाणी आधी शिरते, त्यास पाण्याविषयी आमच्यापेक्षा अधिक कळते.

क्लायननबर्ग यांच्या ग्रंथाविषयी अंतिम मत द्यावयाचे तर आम्ही असे म्हणू: पुराव्याच्या बाबतीत तो जेवढा सिद्ध करू पाहतो तेवढे सिद्ध करीत नाही, आणि किल्ली कोणाच्या हाती ह्या प्रश्नाशी येऊन थांबतो. तरीही देवस्थानाच्या प्रत्येक समितीने तो वाचावा, निदान त्याचा सारांश एकदा सभेत वाचून दाखवावा. संकटात कोण मरतो हे बरेचसे संकटाआधीच ठरलेले असते, ही गोष्ट इतक्या शांतपणे आणि इतक्या तपशिलाने सांगणारे पुस्तक आमच्या वाचनात दुसरे नाही.

राहिली आमची स्वतःची गोष्ट. गेल्या महाजनसभेत आम्ही दोन ठराव मांडले. अग्रशाळेच्या तीन किल्ल्या कराव्यात, त्यांपैकी एक भटजींकडे आणि एक खालच्या वाड्यात असावी, आणि पाणी चढल्यास कोणासही न विचारता कुलूप काढावे, हा पहिला. तो थोड्या चर्चेनंतर संमत झाला. अग्रशाळेतील एक खोली वर्षभर, रोज, सर्व गावासाठी उघडी ठेवावी, हा दुसरा. त्यावर बरीच भाषणे झाली आणि तो पुढील सभेपर्यंत तहकूब आहे. पहिला ठराव मंजूर झाल्याचा आनंद आम्हांस आहेच. परंतु हा ग्रंथ वाचल्यानंतर आमची अशी खात्री झाली आहे की दोहोंत खरा ठराव दुसरा होय. आणि पुढील सभेस ज्या महाजनांस येणे शक्य असेल त्यांनी अवश्य यावे.